उत्तराचा ताळा

अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांत संगणक आला, याचे मनःपूर्वक स्वागतच केले पाहिजे. परंतु समीकरणे मांडण्याची विद्या एकीकडे आणि ती सोडवून संख्या हाती आणण्याची विद्या दुसरीकडे, अशी जी फारकत अध्यापनात रूढ होऊ पाहते आहे, तिच्याविषयी स्पष्ट बोलणे आता प्राप्त झाले आहे. विद्यार्थी तयार आज्ञावली चालवतो, पडद्यावर सहा दशांश स्थळांपर्यंत उत्तर उमटते, आणि त्यांतील किती स्थळे विश्वासार्ह आहेत असे विचारले असता तो निरुत्तर होतो. दोष त्याचा नाही. पेढीवरचा मुनीम ताळा जमल्यावाचून खतावणी मिटत नाही, पण ही शिस्त या विद्यार्थ्याला कोणी लावलेलीच नसते.

विषय काही नवा नव्हे. वासिली लिऑन्टिफ यांनी १९४९ साली हार्वर्ड येथे अमेरिकेची अर्थव्यवस्था ४२ क्षेत्रांत बसवून तितकीच समीकरणे मार्क-२ यंत्राकडून सोडवून घेतली. त्याहून मोठा पसारा त्या यंत्राला पेलणारा नव्हता. केनेथ जड यांचा या शास्त्रावरील बृहद्ग्रंथही १९९८ सालीच प्रसिद्ध झालेला आहे.

आरंभ कोठून करावा, याविषयी माझे मत ठाम आहे: ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे अशा उदाहरणापासून. राष्ट्राने किती बचत करावी हा प्रश्न फ्रँक रॅम्झी यांनी १९२८ साली गणिती रूपात मांडला. पुढे १९७२ साली ब्रॉक व मिरमन यांनी ज्या वृद्धि-प्रतिमानाचा विचार केला, त्यात उपयोगिता लॉगॅरिदमने मोजली, उत्पादनफलन कॉब-डग्लस धर्तीचे घेतले आणि सारे भांडवल एका वर्षातच झिजते असे गृहीत धरले, तर उत्तर कागदावरच निघते. भांडवलाचा घातांक ०.३ आणि भविष्याचा वटाव-गुणक ०.९५ असेल, तर दरसाल उत्पन्नाच्या बरोबर २८.५ टक्के बचत इष्टतम ठरते. आता हेच उदाहरण रिचर्ड बेलमन यांच्या रीतीने, भांडवलाच्या ठरावीक पातळ्यांची जाळी आखून, आरंभी मूल्य शून्य मानून आणि फेरीमागून फेरी ते सुधारत नेऊन, विद्यार्थ्याला स्वतः सोडवावयास लावावे. जाळीत दहाच बिंदू घेतले, तर बचतीचा जो आलेख सलग चढत जावयास हवा तो पायऱ्यापायऱ्यांचा निघतो, कारण दोन बिंदूंमधली पातळी निवडण्याची मुभाच यंत्राला नसते. बिंदू हजार केले की पायऱ्या बारीक होतात, आणि त्रुटीचे मूळ कोठे होते हे निराळे सांगावे लागत नाही.

याहून सूक्ष्म बाब थांबण्याच्या निकषाची. त्या जाळीवरील अंतिम उत्तरापासूनचे अंतर दर फेरीस निदान पाच टक्क्यांनी घटते. ते मूळच्या दशलक्षांशावर येण्यास सुमारे २७० फेऱ्या लागू शकतात, आणि वटाव-गुणक ०.९९ घेतला तर १,३७५ च्या आसपास. सलग दोन फेऱ्यांतील फरक दशलक्षांशाइतका उरला की काम तडीस गेले, असे विद्यार्थी मानतो. वस्तुतः अंतिम उत्तर अद्याप त्या फरकाच्या १९ पट, आणि ०.९९ च्या बाबतीत ९९ पट, दूर असू शकते. ज्याने हे एकवार आपल्या हाताने पडताळले, तो पुढे कोणत्याही नियोजन-अहवालातील आकड्याकडे निराळ्या नजरेने पाहील. भांडवलाचे प्रकार सहा झाले की दहा-दहा पातळ्यांच्या जाळीत दहा लक्ष बिंदू होतात, हा पुढचा धडा; परंतु तो पहिल्यानंतरच.

कलाशाखेतून आलेल्या मुलांना हे झेपणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो मला मान्य नाही. वरील उदाहरणास लॉगॅरिदम आणि विकलन यांपलीकडे गणित लागत नाही, आणि आज्ञावली एका पानात मावते. लागतो तो सावकाश समजावून सांगणारा अध्यापक आणि त्यासाठी वेळापत्रकात राखून ठेवलेला वेळ. सबब अभ्यास मंडळांनी निदान एका सत्राची प्रात्यक्षिक परीक्षा मुक्रर करावी, तीत तयार आज्ञावलीला मज्जाव असावा, आणि निम्मे गुण उत्तरासाठी न देता त्या उत्तरातील त्रुटी जास्तीत जास्त किती असू शकेल, हे विद्यार्थ्याने सकारण लिहून दाखवण्यासाठी ठेवावेत.