स्तंभ उंच झाला. वसतिगृहाचे दार उघडले काय?



विद्यापीठांच्या आवारात राष्ट्रध्वज फडकवावा की नाही, असा प्रश्न तुमच्यापुढे कोणी टाकला, तर उत्तर देण्यापूर्वी विचारणाराचा हेतू तपासून पाहा. पुष्कळदा हा प्रश्न ध्वजाच्या प्रेमाने विचारला जात नसतो. तुमची निष्ठा तराजूत घालण्यासाठी तो विचारला जात असतो.

दिनांक 18 फेब्रुवारी 2016 रोजी हरियाणातील सूरजकुंड येथे केंद्रीय विद्यापीठांच्या कुलगुरूंची बैठक तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्र्यांनी घेतली. प्रत्येक केंद्रीय विद्यापीठात ठळक जागी राष्ट्रध्वज फडकवावा, असे तेथे ठरले. बैठकीपुढे आणखीही विषय होते. परंतु देशभर गाजला तो 207 फूट उंचीचा स्तंभच!

त्याच्या एक महिना एक दिवस आधी, 17 जानेवारीस, हैदराबाद विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याने आपली जीवनयात्रा संपविली होती. त्याला व त्याच्या चार सहकाऱ्यांना वसतिगृहातून घालवून देण्यात आले होते. त्यांनी आवारातच उघड्यावर बिऱ्हाड मांडले, बाबासाहेबांची तसबीर जवळ ठेवली आणि त्या जागेस ‘वेलिवाडा’ हे नाव दिले. वेलिवाडा म्हणजे गावकुसाबाहेरची अस्पृश्यांची वस्ती. विद्येच्या मंदिरातही गावकूस असते, हेच त्या एका शब्दाने साऱ्या देशाला सांगितले. सात महिन्यांची शिष्यवृत्ती येणे आहे, ती आपल्या घरी पोचवावी, असे त्याने शेवटच्या पत्रात लिहून ठेवले होते.

हे सर्व पाहून आपल्यातील काही तरुण संतापाने म्हणतात, “हा ध्वज आमचा नव्हेच.” त्यांचा संताप आम्हास समजतो, परंतु त्यांचे म्हणणे आम्हास मुळीच मान्य नाही. दिनांक 22 जुलै 1947 रोजी घटना समितीने हा ध्वज स्वीकारला. त्यापूर्वी राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली जी ध्वज समिती नेमली होती, तिचे बाबासाहेब एक सभासद होते. पूर्वीच्या झेंड्यावर चरखा होता. त्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्र आले. ज्या सारनाथला तथागतांनी प्रथम धम्मचक्र प्रवर्तन केले, तेथलेच ते चक्र! मग हा ध्वज परका कसा? आपल्या पूर्वजांची ठेव दुसऱ्याच्या हाती देऊन आपण दारात उभे राहावे, हा कोठला स्वाभिमान?

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. विद्यापीठांनी राष्ट्रध्वज अवश्य फडकवावा. परंतु ज्यांनी तो फडकवावयाचा, त्यांनी त्यावरील चक्राचा अर्थही पाळावा.

ध्वजाचा आदर करणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे, असे आपणास वारंवार ऐकविले जाते. ते खरेच आहे. 1976 सालच्या 42 व्या घटनादुरुस्तीने 51क हा अनुच्छेद संविधानात घातला गेला. पण तो पुरता वाचा. त्याच्या पहिल्याच कलमात आधी संविधानाचे पालन येते, मग त्याच्या आदर्शांचा व संस्थांचा आदर येतो आणि त्यानंतर राष्ट्रध्वज व राष्ट्रगीत येते. 17 व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. तो अनुच्छेद ज्या आवारात पायदळी तुडविला जातो, त्या आवारातील स्तंभ कितीही उंच असो, तेथे ध्वजाचा आदर होतो असे कोण म्हणेल? अपमान करणारांनी वंदन केले, म्हणून अपमान धुऊन निघत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सामान्य नागरिकास वर्षाच्या कोणत्याही दिवशी राष्ट्रध्वज लावण्याची मोकळीक 2002 सालच्या ध्वजसंहितेने मिळाली. आदराने ध्वज फडकविणे हा अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली दिला. म्हणजे ध्वज हा नागरिकाचा हक्क ठरला. जो हक्क आहे, त्याचा चाबूक करून विद्यार्थ्यांच्या पाठीवर उगारणे हा त्या हक्काचाच द्रोह होय. प्रश्न विचारणारा विद्यार्थी देशद्रोही ठरत असेल, तर ज्यांनी आयुष्यभर या समाजव्यवस्थेला प्रश्न विचारले, त्या बाबासाहेबांना तुम्ही कोणत्या रांगेत उभे करणार?

मातापित्यांनो, तुमची मुले उद्या विद्यापीठाची पायरी चढतील. कित्येक घरांत ती पायरी चढणारे पहिले माणूस तेच असेल. त्यांना ध्वजापुढे ताठ मानेने उभे राहावयास शिकवा. पण प्रवेशाच्या दिवशी मान वर करून केवळ स्तंभाची उंची पाहून परत येऊ नका. शिष्यवृत्ती वेळेवर मिळते काय, वसतिगृहात आणि जेवणाच्या पंक्तीत वेगळी वागणूक मिळते काय, हे विचारा. उच्च शिक्षणसंस्थांत समान संधी कक्ष व भेदभाव-प्रतिबंधक अधिकारी असावा, असे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने 2012 साली केले. तो कक्ष कोणत्या खोलीत आहे व तेथे कोण बसते, हेही विचारा. अन्याय झाला तर तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. आणि मुलांना बजावून सांगा, की दुःख एकट्याने गिळावयाचे नसते. घर आहे, विहार आहे, समाज पाठीशी आहे.

दिनांक 14 एप्रिल 2016 रोजी रोहितच्या मातोश्रींनी व भावाने मुंबईत दादर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मुलगा गमावलेल्या त्या माउलीने ज्या धम्माचा आश्रय घेतला, त्याच धम्माचे चक्र राष्ट्रध्वजाच्या मध्यभागी आहे. विद्यापीठांनी ते खुशाल 207 फुटांवर चढवावे. पण चक्र चालते ते जमिनीवर. तेथे ते चालू लागेपर्यंत आपण स्वस्थ बसता कामा नये.

जय भीम!