कोरडं पिंप

गेल्या खेपेला धान्यातल्या टोक्यांबद्दल लिहिलं होतं. मैत्रिणींनो, आज डासांची पाळी. आणि थोडी माझ्या फजितीचीही. फजिती म्हणते खरी, पण त्या दिवसांत हसू सुचत नव्हतं.

आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी दिवसाआड येतं, एरवी रोज. त्यामुळे मोठं पिंप दिवाळीनंतर रिकामं करून जिन्याखाली ठेवायचं आणि मार्चात काढायचं, हा परिपाठ. २०२४ च्या मार्चात काढलं तेव्हा ते चार महिने कोरडं ठणठणीत होतं. म्हणून नुसतं विसळलं आणि भरलं. आठवडाभरात पाण्यात अळ्या वळवळू लागल्या! झाकणाची फट राहिली असेल असं वाटून पाणी ओतून दिलं, पुन्हा भरलं. पुन्हा अळ्या. एप्रिलमध्ये शेजारच्या बिऱ्हाडात डेंग्यूचा रुग्ण निघाला आणि महिनाअखेर आमचा धाकटा तापाने फणफणला. डोळ्यांमागे दुखतंय म्हणून रडायचा. पोर बरं झालं, पण दवाखान्यातल्या त्या चार रात्री मी विसरणार नाही.

तो डास आमच्याच पिंपातला होता असं छातीठोक कोण सांगणार? पण पालिकेची तपासणीस बाई आली, तिनं पिंपात बॅटरी मारली आणि पाण्याच्या रेघेच्या जरा वर बोट ठेवून म्हणाली, “ताई, अंडी इथंच होती. तुम्ही ती जपून ठेवली आणि वर पाणी दिलंत.” चहाची भुकटी चिकटावी तसे काळे ठिपके होते. खसखशीहून बारीक.

मग मी पुस्तकं काढली. डेंग्यूचा डास म्हणजे एडिस, पायांवर पांढरे पट्टे असणारा, दिवसा चावणारा. त्याची मादी अंडी पाण्यावर सोडत नाही. पाण्याच्या कडेला, ओलसर भिंतीवर एकेक चिकटवते. तीही सगळी एका भांड्यात नाही. थोडी इथं, थोडी तिथं. (अडीअडचणीला पैसे चार डब्यांत ठेवणाऱ्या आपण तिला काय नावं ठेवणार!) अंडं घातलं तेव्हा पांढरं असतं, दोनेक तासांत काळं पडतं. साधारण अर्ध्या दिवसात आतला गर्भ स्वतःभोवती आणखी एक आवरण तयार करतो. कोळंबीचं कवच ज्या कायटिनचं असतं, तेच त्यात असतं. त्याआधी अंडं वाळलं तर सुरकुतून मरतं. आवरण झालं की आतला ओलावा सहसा बाहेर जात नाही. दोन-तीन दिवसांत आत अळी पुरी तयार होते आणि थांबते. कोरड्यात महिनोन्‌महिने, सहा महिनेसुद्धा थांबते.

पाणी चढलं की बाहेर. पण सगळ्या एकदम नाहीत! काही पहिल्या पाण्याला, काही दुसऱ्या-तिसऱ्या. पहिलं पाणी लगेच आटलं तरी वंश बुडू नये म्हणून. माझ्या दुसऱ्यांदा आलेल्या अळ्यांचं कोडं इथं सुटलं.

ही करामत त्यानं आपल्या पिंपासाठी शिकलेली नाही. त्याचं मूळ घर आफ्रिकेत. तिथं रानात झाडांच्या ढोलीत पाणी साचायचं, उन्हाळ्यात आटायचं, पुन्हा पावसात भरायचं. जिथं कोरडे महिने लांबतात तिथं माणसं पाणी साठवू लागली, आणि डास ढोली सोडून माणसाच्या भांड्यांत आला. पुढे जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून जगभर गेला. भरणं, आटणं, पुन्हा भरणं: आपलं पिंप म्हणजे त्याला ढोलीच.

तेव्हा पाणी ओतून देणं पुरेसं नाही, घासायला हवं. आमच्या सासूबाई हंडा-कळशी रोज चिंचेनं घासल्याशिवाय भरू द्यायच्या नाहीत आणि मी मनात कुरकुरायची. आता शुक्रवारी पिंप रिकामं करते, आतून काथ्यानं खरखरीत घासते, पाण्याच्या रेघेच्या वर तर जास्तच. मग उकळतं पाणी फिरवते (प्लॅस्टिकचं असेल तर बेतानं). फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, कूलरची टाकी यांनाही हेच. कूलर माळ्यावर टाकण्याआधी घासा आणि काढल्यावरही घासा.

घासलेलं पाणी दुसऱ्या बादलीत किंवा कुंडीत ओतू नका. उन्हातल्या तापलेल्या मातीवर फेका. आणि दिवसा चावणारा डास दिसला तर लांब शोधू नका, तो सहसा शे-दोनशे मीटरांपलीकडून येत नाही. आधी आपलं घर पाहा, मग शेजारच्या काकूंकडे गोडीत विषय काढा. मी काढला. काकू जरा रागावल्या, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या गॅलरीतून काथ्याचा आवाज येत होता.