द्रुताचे मूळ विलंबितात

गोमंतकात गिटार हे काही नवलाईचे वाद्य नव्हे. लग्नसमारंभात, तियात्राच्या रंगमंचावर, सणासुदीच्या मेळ्यात ते पिढ्यान्‌पिढ्या वाजत आले आहे. आता मराठी शाळांतील मुलामुलींच्या हातीही ते येऊ लागले आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळ जण काही महिन्यांतच वाद्य भिंतीला टेकवून ठेवतात आणि ‘आमच्या बोटांत ती कलाच नाही’ असे म्हणून स्वस्थ बसतात. या वाक्यास आमचा आक्षेप आहे. उणीव बहुधा कलेची नसते, सरावाच्या रीतीची असते. आणि ती रीत बिघडते गतीच्या मोहापायी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा मोह का उत्पन्न होतो, हे उघड आहे. मोबाइलवर एखाद्या वादकाची विजेसारखी धावणारी बोटे दिसतात. संमेलनात टाळ्यांचा कडकडाट होतो तोही जलद वादनालाच. त्या गतीमागची वर्षे मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. मग नवशिका पहिल्या आठवड्यापासूनच धावू लागतो, अडखळतो आणि अडखळलेलेच पुनःपुन्हा घोटतो. हात चूक आणि बरोबर यांत भेद करीत नाही. जे वारंवार घडते तेच तो शिकतो. शंभर वेळा चुकीचे वाजवणारा विद्यार्थी सराव करीत नसतो, तो चूक पाठ करीत असतो.

बोटांची रचनाही ध्यानी घेतली पाहिजे. बोटे वाकवणारे प्रमुख स्नायू बोटांत नसून कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतात. त्यांचे बळ लांब दोरीसारख्या स्नायुबंधांतून बोटांपर्यंत पोहोचते. अनामिका व करंगळी यांना उचलणारे स्नायुबंध तर हाताच्या पाठीवर परस्परांशी जोडलेले असतात. म्हणून ही दोन बोटे स्वतंत्रपणे हलवणे प्रत्येकालाच जड जाते. हा कोणा एकाचा दोष नव्हे, मनुष्याच्या हाताचा स्वभाव आहे. त्याला वळण लागते, पण ते सावकाशीने.

हे वळण लावणारा पहिला पाठ अगदी साधा आहे. डाव्या हाताच्या तर्जनीस १, मध्यमेस २, अनामिकेस ३ आणि करंगळीस ४ असे क्रमांक द्यावेत. सर्वांत जाड तारेच्या पाचव्या, सहाव्या, सातव्या व आठव्या पडद्यांवर ही चार बोटे क्रमाने ठेवावीत आणि प्रत्येक बोटाबरोबर तार एकदा छेडावी. अशा रीतीने सहाही तारा ओलांडून उलट क्रमाने परत यावे. पाचव्या पडद्यापासून आरंभ करण्याचे कारण एवढेच, की तेथे पडद्यांमधील अंतर कमी असल्याने कोवळ्या हातावर ताण पडत नाही. बोट पडद्याच्या अगदी जवळ, त्याच्या मागील बाजूस टेकवावे. उचलताना ते तारेपासून फार दूर जाऊ देऊ नये. जे बोट उंच उडते, त्याला परतण्यास वेळ लागतो, आणि वेगात अडचण येते ती तेथेच.

लयीसाठी मेट्रोनोम घ्यावा. योहान मेल्त्सेल याने १८१५ साली पेटंट घेतलेले हे तालमापक यंत्र आता मोबाइलवरही मिळते. मिनिटास ६० ठोके लावून प्रत्येक ठोक्यास एकच स्वर वाजवला, तर जाता-येता ४८ स्वर होतात आणि एक फेरी ४८ सेकंदांत पुरी होते. चार बोटांचे क्रम एकूण २४ होतात. रोज चार क्रम, प्रत्येकी तीन फेऱ्या, म्हणजे दहा मिनिटांच्या आत काम संपते आणि सहा दिवसांत सर्व क्रम हाताखालून जातात. आठवडाभर स्वर स्वच्छ आले तरच पुढील आठवड्यात चार ठोके वाढवावेत. न आले तर तेथेच थांबावे. कोठेही थांबावे न लागल्यास १५ आठवड्यांत ६० वरून १२० पर्यंत जाता येते. विद्यार्थ्याच्या आयुष्यात हा काळ तो कितीसा?

उजव्या हाताचाही विचार व्हावा. १८१२ साली इटालियन वादक माउरो जुलियानी याने गिटारवादनाच्या अभ्यासाची पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत उजव्या हाताचे १२० पाठ आहेत, आणि त्या सर्वांत डाव्या हाताला केवळ दोन स्वरसंघांची अदलाबदल करावयाची असते. यातील मर्म सुंदर आहे: एका हाताचे काम सोपे केले की सारे लक्ष दुसऱ्या हाताकडे देता येते. दोन्ही हातांचा मेळ त्यानंतरचा. डाव्या बोटाचा दाब आणि उजव्या बोटाचा आघात एकाच क्षणी पडले नाहीत तर स्वर घुसमटतो. आणि ही चुकामूक संथ लयीतच कानास नीट कळते.

ही शिकवण आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्या संगीतशाळांत अलंकार आणि पलटे आधी बराबरीच्या लयीत, मग दुगुणीत, मग चौगुणीत घोटून घेतात. हातापायांनी एकाच वेळी निरनिराळे ताल धरण्याबद्दल ख्यात असलेले खाप्रुमामा पर्वतकर याच गोमंतकाचे. लयीची अशी परंपरा लाभलेल्या भूमीतील मुलांनी लय सोडून गतीच्या मागे धावावे, हे आम्हांस विसंगत वाटते.

कोणी म्हणेल, असा यांत्रिक सराव कलेचा आनंद मारून टाकतो. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. दिवसभर केवळ बोटांची कवायत करणारा कंटाळेल यात नवल ते काय? म्हणूनच कवायतीला पंधरा मिनिटांची मर्यादा असावी आणि त्यानंतर आवडीचे गीत अवश्य वाजवावे. परंतु कवायत अजिबात नको म्हणणे म्हणजे मुळाक्षरे न गिरवता निबंध लिहू पाहणे होय. तसेच नुसत्या बोटांच्या बळाने काही साधत नाही, हे जँगो राइनहार्टच्या उदाहरणाने पटावे. १९२८ साली आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली. तरीही मुख्यतः उरलेल्या दोन बोटांवर त्याने नवी वादनशैली उभारली आणि जगभर कीर्ती मिळवली.

एक इशारा मात्र देणे आवश्यक आहे. वेदना सहन करणे म्हणजे तपश्चर्या, ही समजूत घातक आहे. थोर संगीतकार रॉबर्ट शूमान याने बोटे सुधारण्यासाठी यांत्रिक साधन वापरले होते. पुढे उजव्या हाताच्या विकारामुळे त्यास पियानोवादनाचा व्यवसाय सोडावा लागला. त्या विकाराच्या कारणाविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी हातावर जबरदस्ती करू नये हा बोध आपण घ्यावा. बोटांच्या टोकांना आरंभी होणारी चुरचुर निराळी. मनगटात वा कोपराखाली कळ आली तर तत्काळ थांबावे आणि वडीलधाऱ्यांस सांगावे. रविवारी एकाच बैठकीत दीड तास झुंजण्यापेक्षा सहा दिवस रोज पंधरा मिनिटे बसणे सर्वथा श्रेयस्कर. वेळ तितकाच लागतो, फळ मात्र अधिक मिळते.

शेवटी शाळांस आमची एक सूचना आहे. संमेलनातील वाद्यस्पर्धेत प्रत्येक स्पर्धकाकडून तोच तुकडा प्रथम संथ आणि मग जलद लयीत वाजवून घ्यावा आणि दोन्हींस सारखे गुण द्यावेत. असे झाले तर कित्येक मुले वाद्य भिंतीला टेकवण्यापूर्वी पुन्हा एकदा विचार करतील. आणि श्रोत्यांस विनंती एवढीच, की एखादा विद्यार्थी आपली गत संथपणे मांडू लागला, तर चुळबूळ न करता ती शेवटपर्यंत ऐकावी.