बाटलीआधीची कात्री

फेब्रुवारी उजाडला की तुमच्या ऑफिसातही तो मेल फिरत असणार : ‘या वीकेंडला नाशिक?’ मग कसारा घाट, वडापाव, वाईन टेस्टिंग, पायाने द्राक्षं तुडवतानाचे फोटो आणि सोमवारी पुन्हा डेस्क. मीही इतकी वर्षं हेच करत होते.

गेल्या वर्षी मात्र एका स्टोरीसाठी दिंडोरीजवळच्या एका छोट्या वायनरीत एप्रिलमध्ये गेले. बघते तर काय, बाग बोडकी!

“काका, वाळली की काय?”

“वाळली नाही ताई, आम्हीच छाटली.”

फ्रान्समध्ये थंडीत द्राक्षवेल झोपते, तेव्हा तिची एकदा छाटणी होते. आपल्या नाशिकची वेल झोपतच नाही. म्हणून तिला वर्षातून दोनदा कात्री लावायची आणि पीक घ्यायचं एकदाच. एप्रिलची ती खरड छाटणी. त्यानंतर नव्या काड्या फुटतात आणि साधारण ४० ते ६० दिवसांत त्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. बाहेरून काहीच दिसत नाही. तेव्हा ऊन नीट मिळालं नाही, तर काडी वांझ निघते.

दुसरी छाटणी पावसाळा ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात. ही गोडी छाटणी. आता लपलेला घड बाहेर येतो, आणि काकांची झोप जाते.

कारण परतीचा पाऊस! ऑक्टोबरात एका संध्याकाळी मुंबईत मस्त सर आली. आमच्या ग्रुपवर ‘चहा-भजी’चे मेसेज सुरू झाले. मला एकदम बाग आठवली, फोन लावला.

“दोन रात्री जागाच आहे ताई. नेमका पोंग्यात पाऊस आला. घड जिरायला लागलेत. वर डाऊनीची भीती, म्हणून फवारणी चालू आहे.”

खायची द्राक्षं करणाऱ्याला निदान बाजार तरी असतो. वाईनच्या द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड, आत बिया. फळवाल्याच्या गाडीवर त्याला कोण विचारणार? म्हणूनच काकांच्या शेजाऱ्याने वाईनची बाग काढून टाकली. काकांनी ठेवली, कारण स्वतःची वायनरी काढायला घेतलेलं कर्ज अजून फिटायचंय.

जानेवारीत मण्यांत पाणी उतरलं. मग रोज साखर मोजायची. वाईनसाठी ती २२ ते २४ ब्रिक्सपर्यंत हवी. फार थांबलं तर आंबटपणा जातो आणि वाईन बेचव होते. लवकर तोडलं तर कच्ची लागते. म्हणजे तारीख ठरवणं हाच खरा जुगार. तोडणी भल्या पहाटे, घड थंड असतानाच.

आपलं अप्रेझल वर्षातून एकदा, काकांचंही एकदाच. फरक इतकाच, की त्यांचा बॉस आभाळात बसतो आणि फीडबॅक देत नाही.

परवा काकांचा फोन आला. “तिसरा हिस्सा गेला ताई. पण राहिला तो माल चांगलाय. हप्ता निघेल. चाखायला या.”

जाणार आहेच. तुम्हीही जा. पण जमलं तर एकदा एप्रिलमध्ये जा. ऊन कडक असेल, फोटो काही धड येणार नाहीत. पण पुढच्या ग्लासाची सुरुवात तिथेच झालेली असेल, त्या बोडक्या काडीत.