खांद्यावरचे ओझे चाकांवर

आमचे थोरले दाजी मुंबईतल्या एका गोल्फच्या मैदानावर कॅडी आहेत. कॅडी म्हणजे खेळणाऱ्या साहेबांची काठ्यांची पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर चालणारा माणूस. नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त १४ काठ्या ठेवता येतात. त्यात चेंडू, छत्री, पाण्याच्या बाटल्या धरल्या की दहा-बारा किलो वजन सहज भरते. १८ होलची एक फेरी म्हणजे चार तास आणि सात-आठ किलोमीटर चाल. दाजींनी पंचवीस वर्षे ही पिशवी उजव्या खांद्यावर वाहिली. भाईंदरहून पहाटेची लोकल पकडायची, एक फेरी करायची, साहेब मिळाले तर दुसरीही करायची. पगार नाही. फेरी केली तर पैसे.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी दाजींना अंथरुणातून उठता येईना. कळ कमरेतून डाव्या पायात उतरत होती. दोन महिने दुखण्याच्या गोळ्या खाऊन ते कामावर जात राहिले. शेवटी ताईने आम्हाला बोलावले आणि आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हणाले, "एकाच खांद्यावर ओझे घेतले की शरीर एका बाजूला कलते. ते सरळ ठेवायला दुसऱ्या बाजूचे स्नायू सतत ताणून राहतात आणि मणक्यांवर दाब पडतो. खांद्यावरचे ओझे उतरवा, पण चालणे सोडू नका."

यावर उपाय साधा होता. गोल्फच्या पिशवीसाठी चाकांची ट्रॉली मिळते. परदेशात कंबर दुखू लागलेले खेळाडूच खांद्यावरची पिशवी ट्रॉलीवर ठेवतात. पण दाजी तयार होईनात. ते म्हणाले, "भाऊ, ट्रॉली आली की साहेब ती स्वतःच ढकलतील. मग कॅडी कशाला लागेल? कंबर वाचेल, पण चूल विझेल."

वाचकहो, आम्ही कचेरीत खुर्चीवर बसणारे. आम्हाला लगेच उत्तर सुचले नाही. दाजींची भीती खोटी नव्हती. यंत्र आले की आधी हातावर पोट असलेल्यालाच घरी बसावे लागते, हे आपण गिरण्यांच्या वेळी पाहिले आहे.

मग आम्ही त्यांना विचारले, "दाजी, तुम्ही नुसती पिशवीच वाहता का?" तेव्हा ते बोलू लागले. वारा कुठून आहे, चेंडू किती लांब मारायचा, कोणती काठी द्यायची, हिरवळीचा उतार कुठे वळतो, झाडीत गेलेला चेंडू कुठे सापडेल, हे सगळे कॅडीच सांगतो. हे ज्ञान खांद्यात नाही, डोक्यात आहे. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे अली शेर हे दिल्लीच्या मैदानावर कॅडीचे काम करूनच खेळ शिकले होते.

दाजींनी मग एकट्याने साहेबांशी बोलणे टाळले. बरोबरीच्या सात-आठ जणांना त्यांनी गोळा केले. ट्रॉली कॅडीनेच चालवायची आणि फेरीचा दर तोच राहायचा, असे ठरले. एक-दोन साहेबांनी दर उतरवून पाहिला. पण सगळ्यांनी एकच उत्तर दिले, तेव्हा त्यांनी ऐकले. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला, तोही हमाल एकत्र आल्यामुळेच. एकट्या हमालाचे कोण ऐकणार होते?

आज दाजी ट्रॉली ढकलतात. दुखणे पूर्ण गेलेले नाही. पण रात्री झोप लागते, आणि फेरी संपल्यावर वाकून उभे राहावे लागत नाही.

आपल्या वस्तीत गोल्फ कुणी खेळत नाही, पण ओझे प्रत्येक घरात आहे. सिमेंटची गोणी ५० किलोंची. भरलेला गॅसचा सिलिंडर ३० किलोंच्या आसपास. पाण्याचा २० लिटरचा कॅन म्हणजे २० किलो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच शिफारस केली होती की, प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोंपर्यंत खाली आणावी. ही निरोगी गड्यासाठीची शेवटची मर्यादा आहे, रोजचे माप नव्हे.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शक्य तिथे ओझे चाकांवर घ्यावे. ढकलायची गाडी ओढायच्या गाडीपेक्षा बरी, कारण ओढताना एक हात मागे राहतो आणि अंग पिळते. आपल्याकडच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर मोठी चाके घ्यावीत. स्टेशनच्या जिन्यावर चाके उपयोगी पडत नाहीत, तिथे ओझ्याचे दोन भाग करून दोन्ही हातांत सारखे धरावेत. उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकावे आणि ओझे छातीजवळ धरावे. पाय बधिर झाला, पायातली शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर गोळ्या खात बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

ट्रॉली घेतली तेव्हा ताईने आम्हाला एकच सांगितले, "हे पंधरा वर्षांपूर्वी कुणी सांगितले असते तर?" म्हणूनच आम्ही आज हे लिहिले. तुमच्या घरातही कुणी रोज कमरेला हात लावून उठत असेल. त्यांना आज रात्री जेवताना विचारा.