गुळाचें नांव

परवां वर्गांत ‘गूळ’ या शब्दास इंग्रजी प्रतिशब्द विचारला असतां कांहीं मुलांनीं ‘जॅगरी’ सांगितला, कांहींनीं ‘ब्राउन शुगर’. या दोन उत्तरांविषयीं आम्हांस चार शब्द लिहावेसे वाटतात.

संस्कृतांत ‘गुड’ म्हणजे गोळा. षोडशाचे सोळा व तडागाचें तळें झालें, त्याच रीतीनें गुडाचा गूळ झाला. ज्यानें नीरेच्या कालव्यावरचें गुऱ्हाळ पाहिलें आहे, त्यास हा अर्थ कोशांत शोधावा लागत नाहीं. काहिलींत रस उकळतो, भेंडीच्या रसानें मळ वर येतो, तो काढून टाकितात; आणि पाण्यांत टाकिलेल्या पाकाची गोळी वळूं लागली कीं गुळव्या काहील उतरविण्याची खूण करितो.

‘शर्करा’ म्हणजे खडे, वाळू. तिच्यापासून आमची साखर, फारसी शकर, अरबी सुक्कर आणि शेवटीं इंग्रजी शुगर. मल्याळमांत त्याच शब्दाचें रूप ‘चक्करा’. तें पोर्तुगीजांनीं उचललें आणि इंग्रजांनीं त्याचें जॅगरी केलें. म्हणजे जॅगरी हा शब्द गुळाचा कोणी नव्हे, साखरेचाच सोयरा आहे!

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड व शर्करा अशीं पांच नांवें ओळीनें येतात. पातळ पाक, गोळा, माशाच्या अंड्यांसारखे दाणे, तुकडे, खडे. यांत रंगाची गोष्टच नाहीं. ‘ब्राउन शुगर’ मात्र रंगावरून पडलेलें नांव. शिवाय त्या नांवानें दुकानांत मिळते ती पुष्कळदां पांढऱ्या साखरेसच कारखान्यांतील मळी चोळून केलेली असते.

परका शब्द वापरण्यास आमची हरकत नाहीं. हरकत आहे ती त्याच्याबरोबर घरांत शिरलेल्या रंगाच्या प्रतवारीस. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा बारामती-इंदापुराकडे आला, ऊंस वाढला, आणि कारखाने निघेपर्यंत त्याचा गूळच होत असे. १९३० नंतरच्या दशकांत वालचंदनगरास साखर निघूं लागली, पुढें सहकारी कारखाने आले; आणि कित्येक घरांत साखर पाहुण्यास व गूळ गड्यास असा भेद पडला. दारीं आलेल्यास गूळपाणी देणाऱ्या मुलखांत हें घडावें, याचा आम्हांस विषाद वाटतो.

आतां गूळ घेतांनाही गिऱ्हाईक पिवळीधमक ढेप मागतें. जमीन, उसाची जात व आंच यांप्रमाणें गुळाचा रंग बदलतो, हें खरें. चांगला गूळ पिवळाही असतो. परंतु काळसर ढेपेस भाव उतरतो, म्हणून कित्येक ठिकाणीं काहिलींत ‘हायड्रॉस’ नांवाची भुकटी टाकून रंग उजळवितात. ती भुकटी म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, रंग उडविण्याचें द्रव्य. दोष गुळव्यास द्यावयाचा तर द्यावा. पण पेठेंत आपलें बोट कोणत्या ढेपेकडे जातें, तेंही पालकांनीं आठवावें. येत्या संक्रांतीच्या तिळगुळासाठीं गूळ आणावयास जाल, तेव्हां मुलांस बरोबर न्यावें, दुकानदारास मागची काळसर ढेप काढावयास सांगावें, आणि एक खडा फोडून मुलांच्या हातावर ठेवावा.