रुग्णवाहिका येईपर्यंत तो माणूस तुमचा आहे

आज रात्रीही पुण्याहून, कोल्हापूरहून, सांगलीहून बसगाड्या बेंगळुरूला निघतील. बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकुरू मागे टाकत पहाटे नेलमंगलाला पोचतील. त्यांत तुमचं कुणीतरी असेल. नोकरीला लागलेली मुलगी असेल, कॉलेजात शिकणारा भाचा असेल, नातवाचं बारसं करायला निघालेले आजी-आजोबा असतील. बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी मंडळींनो, या रस्त्याने ये-जा करणाऱ्या सगळ्यांनो, ही विनंती तुम्हाला आहे. पाच मिनिटं काढा आणि शेवटपर्यंत वाचा.

याच नेलमंगलाजवळ 16 फेब्रुवारी 2016 रोजी हरीश नंजप्पा नावाचा विशीतला तरुण मोटारसायकलवरून बेंगळुरूला परतत होता. ट्रकने त्याच्या शरीराचे अक्षरशः दोन भाग केले. तरी तो शुद्धीवर होता. भोवती जमलेल्यांना हाका मारत होता, माझे अवयव दान करा म्हणून सांगत होता. आणि त्या गर्दीत काहीजण मोबाइलवर त्याचं चित्रण करत होते. तो वाचला नाही. त्याचे डोळे तेवढे दान झाले. महिनाभराच्या आत, 8 मार्चला, कर्नाटक सरकारने त्याच्या नावाने योजना सुरू केली. राज्याच्या हद्दीत अपघात झालेला माणूस कुठल्याही राज्याचा असो, पहिले 48 तास पंचवीस हजार रुपयांपर्यंत त्याच्यावर मोफत उपचार.

हरीशला कदाचित कुणीच वाचवू शकलं नसतं. पण पुढच्याच वर्षी कोप्पळमध्ये बसची धडक बसलेला एक 18 वर्षांचा सायकलस्वार रस्त्यावर पडून मदत मागत राहिला. रक्त वाहत होतं आणि लोक व्हिडिओ काढत होते. रक्त थांबवायला डॉक्टर लागत नाही. एक स्वच्छ कापड आणि दोन हात लागतात. तुमच्याकडे दोन्ही आहेत.

21 डिसेंबर 2024 ला नेलमंगलाजवळच एका मोटारीवर कंटेनर उलटला आणि मूळच्या जत तालुक्यातल्या एका कुटुंबातली सहा माणसं जागीच गेली. तिथे कुणाच्या हाती काही उरलं नव्हतं. बहुतेक अपघातांत मात्र उरतं. 2022 या एका वर्षात देशभर रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, म्हणजे दर तासाला एकोणीस. वेळेवर उपचार मिळाले तर यांतले निम्मे वाचू शकतात, असं विधी आयोगाने 2006 सालीच आपल्या अहवालात म्हटलं होतं. निम्मे! ही माणसं धडकेने मरत नाहीत. धडकेनंतरच्या वेळात मरतात. आणि त्या वेळात त्यांच्याजवळ तुम्हीच असता.

मग आपण थांबत का नाही? मन नाही म्हणून नव्हे. भीती असते. पोलीस प्रश्न विचारतील, कोर्टाच्या तारखा लागतील, हॉस्पिटलवाले पैसे मागतील, उलट आपल्यालाच अडकवतील. ही भीती खोटी नव्हती, पुष्कळांनी ते सोसलंय. पण आता ती सोडून द्या. 30 मार्च 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या नियमांना कायद्याचं बळ दिलं. कर्नाटकाने त्याच साली स्वतःचा कायदा केला, त्याला 2018 मध्ये राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 134ए हे कलम आलं. तुम्ही चांगल्या हेतूने मदत केलीत आणि तरीही तो माणूस दगावला, तर तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. नाव सांगण्याची तुमच्यावर सक्ती नाही. साक्षीदार होण्याची सक्ती नाही. जखमीला दाखल करा आणि घरी जा, कुणी अडवणार नाही. अडवलंच, तर 134ए एवढं म्हणा.

आता तुमच्या हातांबद्दल. कारण नुसते थांबलात आणि चुकीचं केलंत तर घात होतो.

आधी स्वतःला सांभाळा. महामार्गावर पहिल्या अपघाताभोवती जमलेल्या गर्दीत दुसरी गाडी घुसते, हे कितीदा वाचलंय आपण. तुमची गाडी कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा. एकाला मागे शंभर पावलांवर उभं करा, रात्र असेल तर मोबाइलचा टॉर्च हलवत. अपघातातल्या गाडीची किल्ली फिरवून इंजिन बंद करा. कुणाला बिडी-सिगारेट पेटवू देऊ नका.

लगेच 112 किंवा 108 लावा. “कुणीतरी फोन करा” असं ओरडू नका. एकाकडे बोट दाखवून “तुम्ही करा” म्हणा. ठिकाण नीट सांगा. नुसतं “आउटर रिंग रोडवर” म्हणून भागत नाही. कुठल्या फ्लायओव्हरखाली, कुठल्या दिशेच्या बाजूला, मेट्रोचा कितवा खांब, महामार्गावर किलोमीटरचा कुठला दगड, तेही सांगा. किती जखमी, कुणी आत अडकलंय का, ते सांगा. कानडी येत नाही म्हणून मागे राहू नका. “अपघात आगिदे, बेग बन्नि” एवढं म्हणा, पुढचं हिंदीत चालतं. नाहीतर शेजारच्या रिक्षावाल्याच्या हातात फोन द्या, तो तुमच्यापेक्षा नेमका पत्ता सांगेल.

आणि ओढू नका! आपल्याकडे हे फार होतं. दोघंजण येतात, एक काखेत हात घालतो, दुसरा पाय उचलतो, आणि मानेची घडी करून माणसाला रिक्षाच्या मागच्या सीटवर कोंबतात. मायेने करतात, घाईने करतात. पण मानेचा मणका मोडलेला असेल तर त्या एका हिसक्याने तो माणूस जन्मभर अंथरुणाला खिळतो. गाडीला आग लागलेली नसेल, पुन्हा धडक बसण्याचा धोका नसेल, तर त्याला जागचा हलवू नका. डोक्याशी गुडघे टेकून बसा. दोन्ही हातांनी डोकं धरून ठेवा, जसं आहे तसं. हेल्मेट काढू नका. श्वासच चालत नसेल किंवा उलटी तोंडात अडकली असेल तरच काढा, तेही दोघांनी मिळून: एकाने मान आणि जबडा धरायचा, दुसऱ्याने हलकेच सरकवायचं.

रक्त वाहतंय तिथे दाबा. ओढणी, रुमाल, शर्ट, जे असेल ते घडी करून ठेवा आणि दोन्ही तळव्यांनी जोर लावा. हाताला पिशवी गुंडाळा, नसेल तर तसंच दाबा, नंतर हात धुवा. दर मिनिटाला उचलून बघू नका. कापड भिजलं तर त्यावर दुसरं ठेवा. पोटात काच किंवा सळई रुतली असेल तर ती उपसू नका, तीच रक्त अडवून धरते. पाणी पाजू नका. हे कळकळीने सांगतो, कारण तोंडात पाणी घालणं आपल्या संस्कारात आहे. पण बेशुद्ध माणसाचं पाणी फुफ्फुसात जातं, आणि शुद्धीवरच्यालाही तासाभरात भूल द्यावी लागू शकते.

बेशुद्ध आहे पण श्वास चालतोय? तोंडात रक्त किंवा उलटी असेल तर डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून, तिघांनी मिळून कुशीवर वळवा. श्वासच नाही? छातीच्या मधोमध तळवा ठेवा, त्यावर दुसरा ठेवा, आणि दाबत राहा. दोन इंच खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. दमलात तर दुसऱ्याला बसवा, पण थांबू नका.

आणि त्याच्याशी बोला. “गाडी येतेय, मी इथेच आहे,” एवढंच. मराठीत बोललात तरी आवाज पोचतो. मोबाइल हातात आहेच, तर त्याच्या घरी कळवा. व्हिडिओ काढणाऱ्याला हात जोडा आणि त्याच्याच मोबाइलचा टॉर्च लावायला सांगा. त्यालाही काम हवं असतं, बहुधा.

रुग्णवाहिका येतच नसेल तर? तेही या शहरात घडतं. तेव्हा टेम्पो थांबवा, गाडीचा मागचा भाग मोकळा करा. फळीवर किंवा जाड चादरीवर आडवं घ्या, डोकं धरणारा हात शेवटपर्यंत सोडू नका. डोक्याला मार असेल तर होसूर रोडवरचं निम्हान्स. हाडं मोडली असतील तर जयनगरजवळची संजय गांधी संस्था. जुन्या पेठेच्या बाजूला असाल तर व्हिक्टोरिया. पण श्वास घुटमळतोय किंवा रक्त थांबत नाही, तर सगळ्यात जवळचं हॉस्पिटल गाठा. सरकारी असो, खासगी असो, 1989 पासून सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे: आधी जीव, कागद नंतर. 2025 पासून केंद्राच्या योजनेत ठरलेल्या हॉस्पिटलांत सात दिवस, दीड लाखांपर्यंत रोकड न भरता उपचार मिळतात. विचारा. हक्काने विचारा.

रुग्णवाहिकेवरच्या भावांनो, बहिणींनो, तुम्हालाही सांगायचंय. तुमचं काम मला माहीत आहे असं म्हणणार नाही, पण रस्त्यावरच्या माणसांना तुमचाच आधार वाटतो. उतरल्याबरोबर, जखमीचं डोकं धरून बसलेल्या माणसाला हटवू नका. मानेला कॉलर चढेपर्यंत त्यालाच धरू द्या. फळी काढा, नुसत्या चादरीवर उचलू नका. निघाल्याबरोबर हॉस्पिटलला फोन करा: काय लागलंय, शुद्ध आहे का, रक्त किती गेलंय, पोचायला किती मिनिटं. खाट रिकामी नाही हे दारात कळलं तर ती मिनिटं कुणीच परत देत नाही.

आणि बाकीच्यांनो, सिल्क बोर्डच्या गर्दीत मागून सायरन ऐकू आला तर बाजूला व्हा. जागा नाही असं म्हणू नका, सगळ्यांनी वीतभर सरकलं की जागा होते. वाट न देणाऱ्याला दहा हजार दंड आहे, पण तुम्ही दंडाला घाबरून सरकणाऱ्यांतले नाही. फक्त रुग्णवाहिकेच्या मागे आपली गाडी लावून पळू नका.

उद्यावर टाकू नका. आत्ता फोन उघडा आणि कुलूप न काढता दिसेल असा घरच्या माणसाचा नंबर त्यात भरा. रक्तगट लिहा. गाडीत दोन जाड कापडं, हातमोजे आणि एक टॉर्च ठेवा. तुमच्या सोसायटीत, मंडळात, ऑफिसात रेड क्रॉसच्या किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या माणसाला बोलवा आणि छाती कशी दाबायची ते प्रत्यक्ष करून बघा. वाचून ते हातात बसत नाही. गणपतीच्या मांडवात एक संध्याकाळ त्यासाठी काढता येईल. मुलांनाही बसवा. बारा वर्षांचं पोर 112 लावू शकतं आणि खांबाचा नंबर वाचू शकतं.